भांडू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या : गावाकडून शहरात कॉलेजला येणाऱ्यांसाठी

जून उजाडला की औसा-निलंग्याकडून मला फोन सुरू होतात. "ताई, ऑफिसात कुणी धड बोलत नाही." "ताई, रूमवाला डिपॉझिट देईना." "ताई, पोरांचा मॅटर झाला, त्यात माझंही नाव घेतलंय." फोनवर तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी २०१६ साली लातूर जिल्ह्यातून पुण्याला बीएस्सीला आले. पहिल्याच सेमिस्टरला डेंग्यू झाला, बारा दिवस गावी होते. परत आल्यावर सरांना सांगितलं, सर म्हणाले, "बरं, बघू." डिसेंबरात कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली आणि त्यात माझं नाव. मी तडक ऑफिसच्या खिडकीवर गेले. बोलता बोलता आवाज चढला, मागची रांग बघायला लागली, क्लार्कने खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं ते उद्धट वागणुकीबद्दल. वडील रात्रीच्या एसटीने आले, माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी माफी मागितली. हजेरीचा विषय तिथे निघालाच नाही.

त्या दिवशी लायब्ररीतल्या शिपाईमामांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाले, "पोरी, तू सांगितलंस ते खरं, पण दिलंस काय?" त्यांनीच अर्ज लिहायला बसवलं, दवाखान्याचे कागद जोडायला लावले, आवक-जावकच्या, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद होते त्या टेबलापर्यंत सोबत आले. माझ्या झेरॉक्सवर जांभळ्या शाईचा शिक्का बसला, 'आवक क्र.'पुढे निळ्या पेनाने ४१२, खाली तारीख आणि एक तिरकी सही. चौथ्या दिवशी नाव लिस्टमधून निघालं. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

१. गाव सोडण्याआधी फाईल तयार करा

कॉलेजातल्या निम्म्या कटकटी एखादा कागद वेळेवर नसल्यामुळे होतात. हे कागद गोळा करा:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला (एलसी)
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी)
- नॉन-क्रिमिलेयर लागत असेल तर ते. मुदत बघून घ्या, बहुतेक वेळा ती ३१ मार्चला संपते
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशनकार्ड
- आधार, बँक पासबुक, आठ-दहा फोटो
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर स्कॅन करून ठेवा. एलसी एकदा कॉलेजात जमा झाली की सहजासहजी परत मिळत नाही, त्यामुळे तिच्या झेरॉक्स जास्त ठेवा. बाकी मूळ कागद कॉलेजने बघून परत द्यायचे असतात. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटलं आहे. तरीही एखाद्या ठिकाणी ठेवून घेतलेच, तर काय काय दिलं त्याची यादी करा आणि त्यावर सही घ्या.

व्हॅलिडिटीचं काम गावी असतानाच हाती घ्या. समितीचं ऑफिस बहुधा जिल्ह्याला असतं, पुण्यात बसून ते काम पुढे सरकत नाही. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधायला चुलत्यांच्या घरी जावं लागतं, जुन्या पेट्या उघडाव्या लागतात. हे वडिलांवर टाकून निघून येऊ नका.

२. पहिल्या आठवड्यात टेबलं ओळखून घ्या

ॲडमिशनचा क्लार्क वेगळा, स्कॉलरशिपचा वेगळा, परीक्षा विभागाचा वेगळा. त्यांच्या वर ऑफिस सुपरिटेंडेंट, म्हणजे ओएस. आवक-जावकचं टेबल बहुधा दारापाशीच असतं आणि कुणाचं तिकडे लक्ष नसतं. ते पहिल्या दिवशी बघून ठेवा.

जेवणाच्या सुट्टीआधीची दहा मिनिटं आणि फी भरायचा शेवटचा दिवस, या दोन वेळी काही विचारायला जाऊ नका. सकाळी ऑफिस उघडल्यावर जा. "भाऊसाहेब" किंवा "मॅडम" म्हणून आधी आपलं नाव, वर्ग, रोल नंबर सांगा, मग काम सांगा. समोरचा माणूस दिवसाला दोन-अडीचशे मुलांना तेच उत्तर देत असतो. तो तुटक बोलला तर ते तुमच्यावर नसतं, हे मला कळायला फार उशीर झाला.

महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीत एक फार मोठी फसगत होते. फॉर्म भरला, पावती निघाली, की मुलं निश्चिंत होतात. पण तो फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. त्यात काही चुकलं असेल तर कॉलेज तो 'सेंड बॅक' करतं, आणि तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तो तिथेच पडून राहतो. मार्चमध्ये "माझी स्कॉलरशिप कॉलेजने खाल्ली" म्हणून भांडणारी बरीच मुलं याच जागी अडकलेली असतात. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात, तेव्हा कुठलं खातं जोडलंय ते बँकेत जाऊन विचारा.

३. अर्ज कसा लिहायचा आणि पोच कशी घ्यायची

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं सोडू नका.

अर्ज एका पानाचा असावा. एका अर्जात एकच विषय. हजेरी, फी आणि होस्टेलचं पाणी एकाच कागदावर लिहिलं तर तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कुणीच त्याला आपला मानत नाही. साधारण असं लिहा:

प्रति, मा. प्राचार्य, (कॉलेजचं नाव)
विषय : आजारपणाच्या काळातील गैरहजेरी क्षमापित करण्याबाबत.
महोदय, मी (नाव), प्रथम वर्ष बीएस्सी, तुकडी ब, रोल नं. अमुक. दि. ५ ते १६ सप्टेंबर या काळात मी आजारी असल्याने तासांना हजर राहू शकले नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रक्ततपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. तरी हा कालावधी हजेरीतून क्षमापित करावा, ही विनंती.
सोबत : १) वैद्यकीय प्रमाणपत्र २) तपासणी अहवाल
आपली विश्वासू, सही, मोबाईल नंबर, तारीख.

काय झालं, केव्हा झालं, कागद कुठला आणि तुम्हाला काय हवं, या चार गोष्टी आल्या की पुरे. "माझ्यावर अन्याय झाला आहे", "अमुक सर मुद्दाम करतात" ही वाक्यं लिहिण्याचा मोह फार होतो. ती कच्च्या वहीत लिहा. अर्जात आली की वाचणारा माणूस तुमचं काम बाजूला ठेवून सरांची बाजू मांडायला लागतो.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, क्रमांक, तारीख आणि सही घ्या. तिथला माणूस म्हणेल, "ठेवा इथे, साहेब आले की देतो." तेव्हा नम्रपणे म्हणा, "देते ना, फक्त माझ्या प्रतीवर पोच द्या, घरी दाखवायची आहे." घरच्यांचं नाव घेतलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. तरीही दिली नाही, तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

मग आठ दिवस थांबा. आठव्या दिवशी जाऊन एवढंच विचारा, "भाऊसाहेब, आवक क्रमांक ४१२चं काय झालं?" क्रमांक घेऊन विचारणाऱ्या मुलीला रजिस्टर उघडून दाखवावं लागतं. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि त्याचीही पोच घ्या.

४. हजेरी

बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के लागते. महिन्याच्या शेवटी प्रत्येक विषयाची आपली हजेरी वहीत मांडा आणि कमी वाटली तर त्याच महिन्यात सरांना भेटा. एनएसएसचं शिबिर, खेळाच्या स्पर्धा, युवक महोत्सव यांना जाण्याआधी परवानगीचा कागद घ्या. परत आल्यावर मागितलेल्या कागदाला कुणी भीक घालत नाही.

५. रूम, होस्टेल, मेस

कॉट बेसिसवर, म्हणजे रूममधल्या एकाच खाटेचं भाडं देऊन राहणार असाल तरी लिव्ह अँड लायसन्स करार मागा. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घरमालकाची आहे. करारात डिपॉझिट किती, सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि काय कापणार, हे लिहिलेलं हवं. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर टाका. राहायला गेल्याच दिवशी भिंतीचे पोपडे, तुटलेली कडी, गळका नळ यांचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत लिहा, "काका, आज सामान आणलं, रूम अशी मिळाली." दहा महिन्यांनी रंगाचे पैसे कापायची वेळ येते तेव्हा हाच मेसेज कामाला येतो.

मेसला खाडे किती दिवसांपासून धरतात ते आधी विचारा. काही ठिकाणी सलग तीन दिवस गेलात तरच पैसे वजा होतात.

रूम पार्टनरशी पहिल्या रविवारी बसून ठरवा : दिवा कधी बंद, पाहुणा किती दिवस, गॅस कोण भरणार, झाडू कुणाचा. आमच्या रूमवर चार मुली होतो. तिघी मराठवाड्याच्या, एक कोकणातली. सगळ्यात मोठं भांडण झालं ते मासे तळण्यावरून. मग ठरलं, बुधवारी तिने करायचे, खिडकी उघडी ठेवायची, आणि त्या संध्याकाळी आम्ही तिघी लायब्ररीत. तीन वर्षं ते पाळलं गेलं.

६. इंट्रो, रॅगिंग, छेडछाड

सिनियरने नाव-गाव विचारलं तर सांगा. रात्री रूमवर बोलावणं, उभं करणं, गाणं म्हणायला लावणं, जर्नल लिहून घेणं, जातीवरून-बोलीवरून टोचणं, हे रॅगिंग आहे. आमच्या बोलीवरून 'मराठवाडी' म्हणून हसायचे, तेव्हा मला वाटायचं एवढ्यावरून काय तक्रार करायची. आज कुणी विचारलं तर म्हणेन, कर.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९चा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, असं त्यात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. प्रमुखाने दुर्लक्ष केलं तर त्यालाही गुन्ह्याला साथ देणारा धरता येतं. यूजीसीची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास सुरू असते. हा नंबर आजच मोबाईलमध्ये घाला.

मुलींसाठी : लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असतात. मेसेज डिलीट करू नका, किळस आली तरी स्क्रीनशॉट ठेवा. "नाव खराब होईल" असं सांगणारी माणसं घरातलीही असतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, आधी तक्रार द्या.

७. मॅटर होतोय असं दिसलं की

गॅदरिंग, क्रिकेटची मॅच, पार्किंग, कुणाच्या तरी मैत्रिणीला कुणीतरी पाठवलेला मेसेज. राडा इथून सुरू होतो. मग फोन येतो, "पोरं घेऊन ये." माझ्या वर्गातला एक मुलगा मित्राचा असाच फोन आला म्हणून नुसता उभा राहायला गेला. त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं. गुन्हा दाखल झाला तेव्हा नावांच्या यादीत तो सातवा होता. पुढे सरकारी भरतीत निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरायची वेळ आली. त्यात तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, हे विचारतात, आणि लपवलं तर नोकरी जाते. त्याने खरं लिहिलं, आणि पुढचे कित्येक महिने कोर्टात आणि ऑफिसात खेटे घातले.

कायदा असा आहे : पाच किंवा जास्त जणांचा बेकायदेशीर जमाव असेल आणि त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जबाबदार धरता येतं. जुन्या दंडसंहितेत हे कलम १४९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९० आहे.

म्हणून फोन आला तर जाऊ नका. मित्राला म्हणा, "तू आधी तिथून नीघ, मी गेटवर येतो." खरोखर मारहाण होत असेल तर ११२ लावा. दुसऱ्या दिवशी मिटवामिटवीला बोलावलं, तर वर्गशिक्षक किंवा रेक्टरसमोरच बसा. चहाच्या टपरीवर मिटलेला मॅटर आठ दिवसांत पुन्हा उठतो.

पोलिसांनी बोलावलं तर घाबरून मोबाईल बंद करू नका. घरी कळवा, लेखी नोटीस मागा, मोठ्या माणसाला किंवा वकिलाला सोबत न्या, आणि न वाचलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

८. मोर्चा, निवेदन, वर्गणी, फॉरवर्ड

मोर्चाला जाऊ नका, असं मी कधीच सांगणार नाही. १९७४चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभं केलं, विद्यापीठाच्या नामांतरासाठी मुलामुलींनी वर्षानुवर्षं रस्त्यावर काढली तेव्हा १४ जानेवारी १९९४चा दिवस उजाडला. शांततेने, शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे. जाण्याआधी चार गोष्टी विचारा : आयोजक कोण, पोलिसांची परवानगी आहे का, मार्ग कोणता, निवेदन कुणाला देणार. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा जमावबंदी आदेश लागू आहे का, तेही बघा. दगड दिसला, पुतळा किंवा टायर पेटताना दिसला, तर तिथून बाजूला व्हा.

निवेदनावर सही करण्याआधी ते पहिल्या ओळीपासून वाचा. मी एकदा होस्टेलच्या पाण्याचं निवेदन समजून सही केली. मजकुराचं पान वेगळं होतं, सह्यांचं वेगळं. नंतर कळलं, पुढे एका प्राध्यापकांच्या बदलीची मागणी लावली होती. ते सर मला आवडायचे. त्यांच्यासमोर जाऊन सांगेपर्यंत माझी झोप उडाली होती. सह्यांच्या कागदावरही वर विषय लिहिलेला असल्याशिवाय सही करू नका.

जयंती-गणपतीची वर्गणी ऐपतीप्रमाणे द्या, पावती घ्या. वर्गणी जमवायला मंडळांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. दमदाटी झाली तर गेटवर वाद न घालता रेक्टरना लेखी कळवा.

आणि व्हॉट्सॲप. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाईक केलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं. पण समाजात तेढ पसरवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहेच, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. महापुरुष, जात, धर्म यांवरचा फॉरवर्ड रात्री अकरानंतर आला तर सकाळपर्यंत तसाच राहू द्या. दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं आहे. तरीही क्लासच्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर भडकाऊ मेसेज काढा आणि टाकणाऱ्याला वेगळा फोन करा. सगळ्यांदेखत सुनावलंत तर तोच नवा मॅटर होतो.

९. कॉलेज ऐकतच नसेल तर

पोच असलेला अर्ज, पोच असलेलं स्मरणपत्र, तरी उत्तर नाही. मग विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. हे लोकपाल खास विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेले असतात.

विद्यापीठ किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहितीचा अधिकारही आहे. 'जोडपत्र अ'मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. "का केलं?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "आवक क्र. ४१२, दि. अमुक, या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या नस्तीची प्रत द्यावी" असं मागा (नस्ती म्हणजे फाईल). स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिकाही मागता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो हक्क मान्य केला आहे. मात्र विद्यापीठाच्या फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाची तारीख चुकवू नका, माहितीच्या अधिकाराचं उत्तर येईपर्यंत ती निघून जाते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत अपील करा, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अर्ज द्यायला स्वतः जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पोस्टाच्या पावतीचीही झेरॉक्स काढा, कारण त्या पावतीची शाई वर्षभरात उडून जाते.